काळी चकती, पिवळी चकती

चर्र.

रविवारची सकाळ होती, घर निपचित पडलं होतं, आणि स्वयंपाकघरातून एवढाच आवाज आला. तव्यावर लोणी टाकून, गॅस बारीक करून, 'चार ओळी लिहून येते' म्हणत मी आतल्या खोलीत वही उघडली होती. लेक झाल्यापासून माझं लिहिणं असंच, चोरून आणि चार-चार ओळींचं. चर्र ऐकून वाटलं, चला, बाबांनी पहिली चकती टाकली. मी पाचवी ओळ लिहिली. मग न्हाणीघरातून बाबांचं खाकरणं ऐकू आलं आणि मी पेन टाकून धावले. बाबा तिथे, तर तव्यापाशी कोण?

स्टुलावर भिंगरी उभी होती. माझी साडेचार वर्षांची लेक. दोन्ही हातांनी उलथनं धरलेलं, आणि तव्यावर काळी चकती. कडा मऊ पडून हळूहळू खाली लवत चाललेल्या.

"आजोबा म्हणाले, चकती टाक," ती म्हणाली. "मी टाकली. आता पलटू?"

आमच्या घरात रेकॉर्डला रेकॉर्ड म्हणत नाहीत आणि पॅनकेकला पॅनकेक. रेकॉर्ड म्हणजे काळी चकती, पॅनकेक म्हणजे पिवळी. शब्द बाबांचे. दोन्ही 'टाकायच्या', दोन्ही 'पलटायच्या'. शिस्तही बाबांचीच: मिश्रण कालवलं की काळी टाकायची, तिची एक बाजू संपेपर्यंत मिश्रण मुरतं, मग काळी पलटायची आणि पिवळ्या घालायला घ्यायच्या. घड्याळ बघायचं काम नाही. त्या दिवशी तवा मी घाईने आधीच तापत ठेवला होता, आणि न्हाणीघरात जाता जाता बाबा म्हणाले ते काळीबद्दलच. भिंगरीने ऐकलं तेही काळीबद्दलच. फक्त टाकायची कुठे, ते कुणी सांगितलं नव्हतं.

हात भाजला नव्हता. आधी तेच पाहिलं, चारदा पाहिलं. मग चकतीकडे पाहिलं. ती आता खोलगट झाली होती, पाणी घालून पक्ष्यांसाठी ठेवावी अशी.

ती माझ्या आईची होती. म्हणजे, आईच्या शाळेने एके वर्षी मुलींच्या गाण्यांची काढलेली. बावीस मुली एकत्र गातात, त्यातली एक आई. आईला जाऊन सहा वर्षं झाली. भिंगरीने तिला पाहिलेलं नाही. आईला फोनचं वावडं. समोर धरला की बोलता बोलता गप्प व्हायची. त्यामुळे तिचा आवाज उरला होता तो त्या चकतीतच. 'एकदा हे उतरवून घेऊ,' असं मी दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी सोमवार यायचा.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याला अगदी शेवटी एक चरा होता. सुई तिथे अडकायची. "घरी… घरी… घरी…" बाबा बोट वर करायचे. "ही बघ. आली तुझी आई." आणि त्याच बोटाने सुई पुढे ढकलायचे. बावीसमधला कुठला आवाज आईचा, ते मला कधीच कळलं नाही. मी बाबांच्या बोटावर विश्वास ठेवून मोठी झाले.

बाबा रागावले नाहीत. "टाक म्हणणारा मीच," एवढंच बोलले. पण त्यांनी तवा घासून खिळ्याला अडकवला आणि पुढच्या रविवारी तो उतरवला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

ते चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे होते. उजवा कान तिथेच ठेवून आले. डाव्यात यंत्र घालतात; ते रेडिओजवळ, प्लेअरजवळ नेलं की शिट्टी मारतं. गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डाव्या कानात आहे ते दोन-तीन महिने टिकेल. मग यंत्राचाही उपयोग नाही."

तिसऱ्या रविवारी मी बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

"मी दुसरी आणते."

"दुसरी काय?"

"काळी."

"तीनशेच काढल्या होत्या. शाळासुद्धा बंद पडली. कुठे शोधणार?"

"शाळा होती त्या भागात. तिथे विकल्या, तर तिथेच कुठेतरी असणार. तीन दिवस रजा टाकलीय."

"आणि नाही मिळाली तर?"

"आणते म्हटलं ना, बाबा."

ते जरा हसले. "आईवर गेलीस. तिलाही थांबायला कधी जमलं नाही."

भिंगरीला मागे ठेवणार होते. पण ती बूट घालून दारात उभी. "मी टाकली, मी आणणार." तिच्या वडिलांनी तिची पिशवी माझ्या खांद्याला लावली.

बसमध्ये आमचा करार झाला. प्रत्येक गावात मी काळी शोधायची, तिने पिवळी. आजोबांसारखी पिवळी कुठे मिळाली तर ती कशी करतात ते विचारून घरी सांगायचं. म्हणजे आजोबा पुन्हा तवा काढतील, असा तिचा हिशेब.

पहिल्या गावात दुकान झगझगीत होतं. भिंतभर रेकॉर्ड लावलेल्या, काहींना रंग दिलेले, काहींचे वाकवून केलेले वाडगे. मी शाळेचं नाव सांगितलं, साल सांगितलं. दुकानदार तरुण होता.

"वाजवायची आहे?" त्याने मला डोळे फाडून विचारलं.

"मग काय करतात?"

"ताई, आता वाजवतं कोण! लोक भिंतीला लावतात. हा वाडगा बघा, फळं ठेवायला छान."

"असा वाडगा आहे आमच्याकडे," भिंगरी म्हणाली. "मी केलाय."

तिथली पिवळी स्टेशनसमोर मिळाली. भिंगरीने काट्याने टोचून पाहिली, एक घास घेतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. "पायपुसणं," तिचा निकाल.

दुसऱ्या गावात एका आजोबांचं दुकान होतं, जिन्याखालचं. खोकीच खोकी. मी अख्खी दुपार उकिडवी बसून बोटांनी एकेक पाकीट पुढे ढकलत राहिले. भिंगरी पलीकडून मोजत होती. तिला एकोणतीसपर्यंतच येतं, म्हणून परत परत एकोणतीस. शेवटचं खोकं संपलं तेव्हा माझे गुडघे सुटेनात.

"शाळांच्या होत्या की," दुकानदार आजोबा म्हणाले. "दोन पोती. मागच्या वर्षी रद्दीत घातल्या. कोण विचारतं, बाई?"

"मी विचारते."

"उशिरा विचारलंत."

तिथली पिवळी जाड, फुगलेली आणि पाकात बुडवलेली होती. "ही गादी आहे," भिंगरी म्हणाली. "हिच्यावर झोपतात." पण सगळी खाल्ली. शोध शोधाच्या जागी.

रात्री फोन केला तर हे म्हणाले, "बाबा आज टीव्हीचा आवाज आणखी वाढवून बसलेत." मी म्हटलं, उद्याचा दिवस आहे अजून.

तिसरं गाव शाळेचंच. तिथे रेकॉर्डचं दुकान नाही, हे ठाऊक होतं, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. शाळेच्या इमारतीत आता पाइपांचं गोदाम आहे. राखणदाराने आत जाऊ दिलं. जिथे गाणाऱ्या मुली उभ्या राहत असतील त्या दालनात छतापर्यंत राखाडी नळ्या. मी एका नळीला तोंड लावून उगीच 'ओ' केलं. भिंगरीने दुसऱ्या टोकाला कान लावला. "कोणी नाही आत," ती म्हणाली.

जुनं सामान कुठे गेलं ते राखणदाराला माहीत नव्हतं. परतीची बस तासाभराने होती. मला तो तास चार घरं ठोठावण्यात घालवायचा होता. भिंगरी रस्त्यातच बसली.

"माझी पिवळी राहिलीय."

"आज नको गं, वेळ नाहीये."

"तुझी काळी झाली शोधून. आता माझी पाळी."

करार तो करार. कोपऱ्यावर एक लहानसं खाणावळवजा दुकान होतं, चार टेबलांचं. तव्यामागे साठी उलटलेली बाई, केस रुमालात बांधलेले. मी घाईने म्हटलं, "मावशी, एक पॅनकेक, पटकन होईल का?"

"पटकन होत नसतो," ती वर न बघता म्हणाली. "पटकन हवा तर बिस्किट घ्या."

आला तेव्हा भिंगरीने आधी तो उचलून उजेडात धरला. कडेला जाळी होती. बारीक, तपकिरी, बाबांच्या चकतीला असते तशी. तिने एक घास खाल्ला आणि लगेच दुसरा तोडला. मग डोकं मागे टाकून, डोळे बारीक करून चावता चावता ती एकदम थांबली.

"आई. काळी."

"काय?"

"तिथे. भिंतीवर."

घड्याळ होतं. काट्यांच्या मागे काळी चकती, भोवती भिंतीवर चिकटवलेले आकडे. मी खुर्ची ओढून वर चढले. मधल्या गोल कागदावर, काट्यांच्या खाली, शाळेचं नाव होतं.

"अहो बाई! उतरा, खुर्ची मोडेल!"

"मावशी, हे घड्याळ मला द्या."

"का बरं? मग मी वेळ कशावर बघू?"

मी खुर्चीवरूनच सगळं सांगितलं. चर्रपासून बाबांच्या कानापर्यंत. बाई उलथनं हातात धरून ऐकत होती. मग तिने आईचं माहेरचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती पुढे आली आणि माझं तोंड न्याहाळू लागली.

"म्हणजे तू शेपटाची?"

"कोणाची?"

"अगं, आम्ही तिला शेपूट म्हणायचो! मी दुसऱ्या रांगेत, ती माझ्या शेजारी. सगळ्या थांबल्या तरी हिचं शेपूट मागे राहायचं. गाणं शिकवणाऱ्या बाई डोक्याला हात लावायच्या. रेकॉर्डच्या दिवशीसुद्धा तेच. शेवटच्या गाण्यात, बघ तू. त्याआधी तिनेच आम्हाला बजावलेलं, आज मी नक्की थांबेन म्हणून." ती हसली, आणि मग हसू आवरेना तिला. "गेली का? कधी?"

मी सांगितलं. ती तव्यावरचं उतरवून आली, हात पुसले आणि स्वतःच खुर्चीवर चढली. काटे काढताना मधलं भोक जरा मोठं केलेलं दिसलं. "यंत्राचा दांडा जाईना, म्हणून कातरलं होतं," ती ओशाळून म्हणाली. "डुलेल ही."

"डुलू दे."

मी मनगटावरचं घड्याळ काढून भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवलं. ती नको नको म्हणत होती.

"वेळ कशावर बघाल?"

"तू खरंच तिची," ती म्हणाली. "बरं, मिश्रण किती वेळ मुरवतेस?"

"एका बाजूइतकं," भिंगरीने मध्येच सांगितलं. बाईने तिचा गाल ओढला.

घरी मी चकती कोमट पाण्यात साबणाने धुतली. बाबांनी ती उजेडात तिरकी धरून पाहिली. भोक सैल होतं, म्हणून प्लेअरच्या दांड्याला कागदाची पट्टी गुंडाळली, एक वेढा काढला, पुन्हा घातला. लेथवरची बोटं ती. मग खिळ्यावरचा तवा उतरवला.

मिश्रण कालवलं. काळी टाकली, जिथे टाकायची तिथे. या वेळी फोनही शेजारी उतरवून घ्यायला सुरू करून ठेवला. पहिली बाजू संपली तेव्हा बाबा म्हणाले, "पलट."

"कोणती?" भिंगरीने विचारलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरात सगळे एकदम हसले.

दुसरी बाजू. चकती डुलत होती, तसे आवाजही. एखाद्या होडीत बसून मुली गात असाव्यात तसे. शेवटचं गाणं आलं. बाबा प्लेअरच्या अगदी जवळ बसले, लाकडी खोक्यावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मी हातातलं उलथनं खाली ठेवलं. 'घरी' आलं. एकदाच आलं, कुठे अडकलं नाही. मुली थांबल्या.

एक जण थांबली नाही. बारीक आवाज, अर्ध्या श्वासापुरता, एकटाच पुढे चालत गेला. चऱ्यामुळे आणि सुई ढकलणाऱ्या बोटामुळे आजवर मी तो ऐकलाच नव्हता.

बाबांचं बोट वर गेलं. नेमकं तिथेच.

"ही बघ," ते म्हणाले. "आली."

तव्यावरची पिवळी करपत होती आणि कुणीच ती पलटली नाही. भिंगरी मात्र ओट्याजवळ उभी होती. मिठाच्या बरणीशेजारून तिने काहीतरी उचललं आणि तळहातावर धरून माझ्यापाशी आणलं.

बाबांचं कानातलं यंत्र.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे तर इथे आहे. मग आजी त्यांना कुठून ऐकू आली?"