खाडीच्या मधोमध

ताईच्या हातात अर्धवट शिवलेली बाही होती. तेवढ्यात शिवणकारखान्याच्या दारातून कुणीतरी ओरडून सांगितलं, "दोन्ही फेरीबोटी एकमेकींवर आपटल्या, खाडीच्या मधोमध." मशिनी थांबल्या आणि सगळ्या बायकांनी वळून ताईकडे पाहिलं. पाहणारच की. एका बोटीचा सारंग तिचा नवरा, दुसरीचा तिचा धाकटा भाऊ.

बाही कुठे पडली, चपला कुठल्या पायात गेल्या, तिला काही कळलं नाही. धुक्यातून ती धक्क्याकडे धावत सुटली. दुसरी बाई असती तर तिनं आपल्या एका माणसासाठी देवाला साकडं घातलं असतं. ताईला तेही धड जमेना. नवऱ्याचं नाव घ्यावं तर भाऊ डोळ्यांपुढे उभा राही, भावाचं घ्यावं तर नवरा. शेवटी 'दोघंही, दोघंही' असं पुटपुटत तिनं रस्ता कापला. पण तिला वाटणारी भीती नुसती त्या दोघांच्या जिवाची नव्हती.

त्याचं असं होतं. भावजय इस्पितळाच्या धुलाईखान्यात सकाळपाळीला जायची, तेव्हा धाकट्याचा दुपारचा डबा ताई करायची. धाकटा राहायचा पलीकडच्या काठाला. म्हणून डबा नवऱ्याच्या बोटीतून निघायचा आणि दोन्ही बोटी समोरासमोर आल्या की खाडीच्या मधोमध धाकट्याला मिळायचा. धाकट्यानं आपली बोट सरळ ठेवायची, नवऱ्यानं आपली हळूच तिच्या अंगाला न्यायची आणि खलाशानं बांबूच्या टोकाला डबा अडकवून पलीकडे द्यायचा. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. उतारूंनाही त्याची गंमत वाटायची. "ताई, तुझा नवरा माणसं उशिरा पोचवतो, पण डबा मात्र गरम पोचवतो हं," असं धाकटा चिडवायचा.

काल मात्र धुकं पडलं आणि नवरा डबा तसाच परत घेऊन आला. झालं, ताईचं डोकं फिरलं. "केस पांढरे झाले बोट चालवून, आणि एवढ्याशा धुक्याला घाबरलात? माझा भाऊ उपाशी राहिला दिवसभर." नवरा नीट जेवलाही नाही. आज धुकं कालच्याहून दाट होतं. तरी डबा हातात देताना तिच्या जिभेला चैन पडलं नाही. "आज तरी पोचवा म्हणजे मिळवली," ती म्हणाली होती.

धक्क्यावर माणूस माणसाला ओळखत नव्हता. होड्या माणसं आणून उतरवत होत्या. जिवंत असतील त्यांना तिकिटाच्या खोलीत नेत होते, आणि बाकीच्यांना ताडपत्रीखाली ठेवत होते. ती रांग वाढतच चालली होती. ताईनं तिकडे बघायचं टाळलं आणि आधी खोलीत शिरली. नवरा बाकावर ब्लँकेट पांघरून बसला होता. तिचा जीव भांड्यात पडला. पण तो तिच्याकडे बघेना.

"धाकटा?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. ताई तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

बंदराचा अधिकारी समोर उभा राहून विचारत होता, आणि नवरा ठरवल्यासारखं एकच सांगत होता. "धुकं होतं, साहेब. त्याची बोट अचानक आडवी आली. मी काय करणार?"

बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? बाहेर लोक धाकट्यावर तोंडसुख घ्यायला लागले. कुणी म्हणे प्यायला होता, कुणी म्हणे डुलकी लागली होती. मेलेला माणूस काय, उठून सांगायला थोडाच येतो. ताई सगळं ऐकत होती. बोट जवळ नेणं हे नवऱ्याचं काम, धाकट्याचं नव्हे. उतारूंना नुसता डबा दिसायचा, हे मात्र त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

भावजय आली ती धुलाईखान्याच्या ओल्या कपड्यांतच. तिची ओळख पटली तशी माणसं तिच्यावर धावून गेली. ती प्रत्येकाला हात जोडत, धक्के खात खोलीपर्यंत पोचली. या नणंद-भावजयीचं कधी फारसं पटलं नव्हतं. तीच भावजय आज ताईच्या पायांशी वाकली.

"माफ करा, ताई. तुमचा माणूस थोडक्यात वाचला. आमच्या यांच्या हातून असं कसं झालं, मला खरंच कळत नाही हो."

ताईच्या काळजाचं पाणी झालं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "गप्प राहा. पोरांकडे बघ. तो तर गेलाच ना आता."

तसं पाहिलं तर त्याचं काय चुकलं होतं? घरी दोन पोरं होती. पण पोरं धाकट्यालाही होती, आणि त्यांना आता याच काठांवर, याच लोकांत मोठं व्हायचं होतं. ताईनं मनगट सोडवून घेतलं.

"साहेब, माझा भाऊ आडवा आला नाही," ती म्हणाली. "तो सरळच चालला असणार. जवळ नेतात ते हे. रोज नेतात, डबा द्यायला."

"कसला डबा?"

"जेवणाचा. काल धुक्यात दिला नाही, म्हणून मी यांना नाही नाही ते बोलले. म्हणून आज नेली यांनी."

अधिकाऱ्यानं नवऱ्याला विचारलं, "खरं आहे हे?" नवरा ब्लँकेटमध्ये तोंड खुपसून गदगदून रडायला लागला.

भावजय सावकाश उठून उभी राहिली. ताईनं तिला धरायला हात पुढे केला, पण ती मागे सरली.

"त्यांचा डबा मी करत होते की, ताई. पहाटे उठून करत होते," ती म्हणाली. "तुम्हीच बंद करायला लावलात. 'माझ्या भावाला तुझ्या हातचं गोड लागत नाही,' म्हणालात."

एवढं बोलून ती बाहेर ताडपत्रीकडे गेली. तिच्या मागोमाग जायचं ताईला धाडस झालं नाही.