डावा खिसा

कात्री खाली ठेवली आणि टेबलाच्या कडेला खिशाचा तुकडा दिसला. राखाडी, कडा दुमडून इस्त्री केलेला, लावायला तयार. लावायचाच राहिलेला. बायको सकाळी तोच नवा सदरा घालून दवाखान्यात कामाला गेली होती.

दुसऱ्या कुणाची बायको असती तर खिशावाचून तिचं काही अडलं नसतं. माझी बायको हाय व्होल्टेजची यंत्रं दुरुस्त करते. चालू यंत्राजवळ हात न्यायचा तो एकच, उजवा. डावा खिशात. दोन्ही हात पुढे गेले आणि काही चुकलं, तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत काळीज असतं. हा नियम तिच्या उस्तादांचा. खिसा मात्र माझा. लग्नाआधी ती माझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आली होती. डावा खिसा मनगट बुडेल एवढा खोल हवा म्हणाली.

"एवढं काय लपवायचंय त्यात?" मी चेष्टेने विचारलं.

"हात," ती म्हणाली. मी तिथेच गारद झालो.

पुढे एकदा काम करताना तिचा स्क्रू-ड्रायव्हर सटकला. उजव्या अंगठ्यावर काळा डाग राहिला, त्यापलीकडे काही झालं नाही. घरी येऊन तिने डावा हात खिशातच ठेवून तो अंगठा मला दाखवला. "पक्का शिवला होतात," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या खिशाला मी दुहेरी टीप मारतो. आणि आज खिसाच विसरलो होतो. शाळेच्या गणवेशांची घाई हे निमित्त; खरं म्हणजे हल्ली माझ्या हातून असं होतं. मागे एका सदऱ्याला काजं केली आणि बटणं लावायला विसरलो. तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

फोन केला, तिने उचलला नाही. काम करताना ती तो खोलीबाहेर ठेवते. सुई, दोरा आणि तुकडा मुठीत धरून निघालो. समोरच्या गिऱ्हाइकाला काय सांगितलं देव जाणे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक आजोबा चाकाच्या खुर्चीत कण्हत होते. शिडीवरून पडले होते. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. एक्स-रेच्या खोलीच्या दारात नर्सबाई भेटल्या.

"तुम्ही ताईंचे मिस्टर ना? बरं झालं आलात. ताई मशीन चालूच करेनात. यांना दुसऱ्या गावी न्यायचं म्हणजे रस्ताभर हाल हो."

"तिने बोलावलंय मला?"

"नाही. म्हणाल्या, येतील ते."

आत बायको स्टुलावर बसली होती. समोर लोखंडी पेटीचं झाकण उघडं, वीज बंद, मीटरच्या तारा जागच्या जागी लावलेल्या. साधी वीज घेऊन ती कितीतरी पटींनी चढवणारी ती पेटी. तिने माझ्या तोंडाकडे न बघता मुठीकडे बघितलं आणि तिचे खांदे सैल झाले.

"आलात."

"फोन नाही का करायचा?"

"बंद मशीनचं सगळं तपासून आत्ताच संपलं. आता करणारच होते. पण म्हटलं, तुमच्या तुम्हाला आठवलं तर बरं." मग मला कळलं, बटणांवर ती माझ्याइतकी हसली नव्हती.

"हात कमरेत खोचायचास."

"तो राहत नाही हो. खिसा सापडला नाही की भटकतो. मगाचपासून दोनदा टेबलावर आला."

ती उभी राहिली, मी गुडघ्यावर बसलो. उभ्या माणसाच्या अंगावर शिवणं आमच्या धंद्यात कुणी करत नाही.

"हलू नकोस."

"व्होल्टेजची नाही वाटत एवढी तुमच्या सुईची भीती वाटते."

हातशिलाई ओबडधोबड झाली, पण मी ओढून पाहिली, पक्की होती. तिने डावा हात आत घातला. मला दारापाशी पाठवलं आणि उजव्या हाताने बटण दाबलं. पेटी गुणगुणायला लागली. मीटरचे आकडे जागेवर स्थिर.

"बघा, रिकामी आहे तोवर कशी शहाण्यासारखी वागते," ती म्हणाली. "आता भार देते."

एक्स-रेच्या नळीऐवजी तिने तपासणीपुरतं, नळीसारखीच वीज खेचणारं स्वतःचं लोड जोडलं होतं. ते चालू केलं मात्र, गुणगुण घोगरी झाली आणि पेटीने मान टाकली. तिने वीज तोडली, साठलेली वीज उतरवली, मीटरची तार पुढच्या स्क्रूवर नेली, पुन्हा सगळं चालू केलं. असं किती वेळा केलं कोण जाणे. दर वेळी डावा हात खिशात. मी त्या खिशाकडेच बघत होतो. शेवटी ती "हं" म्हणाली.

"या स्क्रूच्या अलीकडे व्होल्टेज भरपूर, पलीकडे गेलं की निम्मं. रिकामं असताना दोन्हीकडे सारखं, म्हणून कुणाला सापडेना."

वीज उतरवून तिने स्क्रू काढला. वरून चकचकीत, खाली जळून काळा. तिने जागा घासली, नवा स्क्रू घट्ट आवळला, भार दिला. पेटी गुणगुणत राहिली. तिने भार वाढवला. सूर तोच राहिला. नर्सबाईंनी हात जोडले ते तिला की पेटीला, मला कळलं नाही.

नळी जोडून, एकदा तपासून झाल्यावर आजोबांना आत घेतलं. थोड्या वेळाने लेक बाहेर आली, डोळे पुसत म्हणाली, "हाड मोडलेलं नाही." मग माझेच दोन्ही हात धरून म्हणाली, "उपकार झाले तुमचे." माझे कसले उपकार? पण मी हात सोडवून घेतले नाहीत. मलाही कुणाचे तरी असेच धरायचे होते.

परतताना मीच विषय काढला. "डॉक्टरांना दाखवू या. माझं."

"उद्याच जाऊ," ती म्हणाली. बरेच दिवस तयार ठेवलेलं उत्तर असावं ते.

"आणि हा सदरा दे, खिसा उसवून मशीनवर नीट टीप मारतो."

"राहू दे असाच."

कामात ज्या डाव्या हाताला कशालाही लागायची मनाई, तो तिने खिशातून बाहेर काढला आणि माझा हात धरला. दुकान आलं तरी सोडला नाही.