कोबीच्या वाफ्यातले घोडे

बेकरीवाल्या काकांचा उभा जन्म भट्टीसमोर गेला. जग झोपलेलं असताना पीठ मळायचं आणि जग उठायच्या आत पाव भाजून ठेवायचे, यात केस कधी पांढरे झाले ते त्यांना कळलंही नाही. शेवटी बेकरी विकून त्यांनी गावाबाहेर घर घेतलं. मागे जमिनीचा बरा तुकडा होता. तिथं कोबी लावला, गाजरं लावली, आणि आता चांगलं उजाडेपर्यंत लोळायचं असं ठरवलं.

तो बेत शेजारच्या घोड्यांनी उधळला.

“अहो, उठा,” काकूंनी त्यांना हलवलं. “पाहुणे आलेत.”

काकांनी खिडकीतून पाहिलं तर कोबीच्या वाफ्यात तीन घोडे. तांबडा आणि काळा खाली मान घालून मुकाट्यानं चरत होते. म्हातारी पांढरी घोडी मात्र तोंडात अख्खा गड्डा धरून काकांकडे अशी बघत होती, जणू तेच तिच्या घरात घुसलेत.

घोडे शेजारच्या बाईंचे. त्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवायच्या. अख्खा गाव त्यांना घोडेवाली म्हणायचा, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

“आज स्पष्ट सांगून येतो,” असं म्हणून काका तावातावानं गेले. बाईंनी दार उघडलं तर त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. “या काका, चहा टाकतेच आहे,” म्हणाल्या, आणि डाव्या हातानं ओतताना अर्धा चहा बशीत सांडला. काका चहा प्यायले, हवा बरी आहे म्हणाले, आणि बाईंनी आग्रहानं दिलेलं शेणखताचं पोतं खांद्यावर टाकून परतले.

काकू दारातच उभ्या होत्या. “भांडायला गेला होतात की खत आणायला?”

काकांनी पोतं वाफ्याकडे नेलं. मोडक्या हाताबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर, “तुम्हाला काय, कुणीही गुंडाळतं,” हे वर ऐकावं लागलं असतं.

पुढच्याच आठवड्यात घोड्यांनी गाजरांचा फडशा पाडला. भरीला पांढऱ्या घोडीनं दोरीवरचा उशीचा अभ्रा ओढून निवांत चघळला. आता मात्र काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आता जा, आणि रिकाम्या हातानं या. मी इथं राखण करते.”

“तुला घोड्यांची भीती वाटते ना?”

“तुम्ही आधी निघा,” काकू म्हणाल्या. पण झाडू हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या त्या दाराच्या आतच.

वाटेत काका आपलं वाक्य घोकत होते. बाई घरात नव्हत्या. तबेल्यामागून ठोकाठोकी ऐकू येत होती म्हणून ते तिकडे गेले. तोंडात खिळे, कुंपणाची फळी गुडघ्यानं दाबलेली, डाव्या हातात हातोडी, असा बाईंचा अवतार होता. काकांना पाहून त्या ओशाळल्या आणि खिळे तोंडातून काढून म्हणाल्या, “कशाला आलात ते कळलं मला. रोज फळी ठोकते, आणि रोज ती म्हातारी छातीनं रेटून पाडते. डाव्या हातानं खिळा आत जातच नाही हो.”

“मग त्या दिवशी सांगायचं नाही का?”

“तुम्ही कुठं काही बोललात?”

यावर दोघांनाही हसू आलं. काकांनी बाह्या सरसावल्या. पीठ मळून मळून कमावलेले दंड अजून शाबूत होते. बाईंनी फळ्या धरल्या, काकांनी ठोकल्या, आणि कुंपण असं पक्कं झालं की हत्तीनंही रेटून बघावं.

मग दोघं घोडे आणायला आले, तर काकू वाफ्याच्या मधोमध. झाडू केव्हाच गळून पडला होता. पांढऱ्या घोडीच्या नाकासमोर बोट नाचवत त्या तिची खरडपट्टी काढत होत्या. “वयाला शोभतं का हे? बरोबरच्या पोरांना काय वळण लावणार तू?” घोडी कान पाडून, मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती.

“माझं कधी एक ऐकत नाही ही,” बाई पुटपुटल्या.

काकू वळल्या. प्लास्टर दिसताच त्यांनी मोर्चा नवऱ्याकडे वळवला. “बाईंचा हात मोडलाय आणि तुम्ही त्यांच्याकडून पोतं उचलून आणलंत? मला सांगता नाही आलं?”

काका खाली वाकून झाडू उचलू लागले.

“नुकसान केलंच माझ्या घोड्यांनी,” बाई घाईनं म्हणाल्या. “तुमची नातवंडं आली की त्यांना मी शिकवीन. फी नको.”

“नातवंडांचं नातवंडं बघतील,” काकू घोडीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या. “मी शिकणार.”

बाईंचा हात बरा होईपर्यंत काकाच त्यांच्या तबेल्यात चारा टाकत होते. जन्माची सवय, भल्या पहाटे डोळा उघडायचाच. प्लास्टर निघाल्यावर बाईंनी काकूंना पांढऱ्या घोडीवर चढवलं. काका लगामापाशी जीव मुठीत धरून उभे. घोडी शहाण्यासारखी चार पावलं चालली आणि थांबली. काकूंनी ताठ बसून चौफेर नजर टाकली.

“कसं वाटतंय?” काकांनी विचारलं.

“छान. इथून आपलं छप्पर दिसतं,” काकू म्हणाल्या. “दोन कौलं सरकलीत. घरी गेल्यावर आधी ती बसवा.”