रिकाम्या खुर्चीचा सत्कार

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बार्शीतल्या एका मंगल कार्यालयात एका रिकाम्या खुर्चीचा सत्कार झाला. खुर्चीच्या पाठीवर शाल घातली गेली, बैठकीवर श्रीफळ ठेवलं गेलं. दहा पंचेचाळीसला शालीला खांदे आले. कोणी येऊन बसलं नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होते आणि ती खुर्ची माझ्यासाठी होती.

त्याच मिनिटाला माझी पर्स खांद्यावरून घसरून खाली पडली. मी ती पुन्हा अडकवली, ती पुन्हा पडली. शेजारच्या बाईंनी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"तुम्हाला खांदे नाहीत," त्या म्हणाल्या.

"आत्ता होते."

"मग धरून बसा हातात," त्या म्हणाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या.

सत्कार उद्योगिनी गौरव समितीचा होता. अध्यक्षा कांचनमाला बुरगुटे यांनी माइकवरून सांगितलं की 'नाव घेते' ही वेबसाइट चालवणाऱ्या ताई आपल्याच गावच्या आहेत एवढं समजलं आहे, त्या कोण हे समजलेलं नाही. पण शाल आणली होती आणि दुकानदार शाल परत घेत नाही. म्हणून खुर्चीला घातली. सभागृहाला हे पटलं. एक बाई म्हणाली, "बघा, बसल्या की!" आणि सगळ्यांनी पाहिलं. खांद्यांखाली पाठ ताठ झाली होती.

'नाव घेते' मी चार वर्षांपूर्वी सुरू केली. तिथे उखाणे मिळतात. मागणी नोंदवणारीनं नवऱ्याचं नाव, त्याचा धंदा, गाव आणि प्रसंग कळवायचा. दोन तासांत उखाणा येतो. लग्न, सत्यनारायण, डोहाळजेवण, बारसं, गृहप्रवेश, प्रत्येकाचा वेगळा. एकदा विकलेला उखाणा दुसरीला जात नाही. त्याआधी मी पंधरा वर्षं एका दैनिकात छोट्या जाहिराती आणि निधनवार्ता पाहत होते. चार ओळींत माणूस बसवायची सवय होती, इथे दोन ओळींत बसवते. धंदा चालला. दुसऱ्या वर्षी घरावर स्लॅब टाकला, तिसऱ्या वर्षी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येतो आणि माझ्या चुकाही दिसतात.

माल तपासायचं काम सासूबाईंचं. प्रत्येक उखाणा त्या भाजी निवडताना मोठ्यानं म्हणून बघतात. नवरी घाबरलेली असते, शालू जड असतो, समोर दीर फोन धरून उभा असतो. उखाणा एका दमात संपला पाहिजे. गेल्या महिन्यात एका जनावरांच्या डॉक्टरच्या बायकोनं मागणी नोंदवली होती. मी लिहिलं:

'म्हशीला देतात इंजेक्शन, गाईला देतात गोळी,
महेंद्ररावांना येत नाही भाजायला पोळी.'

"चालंल," सासूबाई म्हणाल्या. "पण सासरा खवळंल."

"खवळू दे. तिनं थट्टेतला मागितलाय."

साइटवर माझा फोटो नाही, फोन नाही, पत्ता नाही. व्यवहार फर्मच्या नावानं होतो. फर्मच्या कागदांवर सही माझी असते, पण ते कागद कोणी वाचत नाही. पहिल्या महिन्यात मी नाव दिलं होतं. एका नवरीच्या आईचा फोन आला. उखाणा फार आवडला म्हणाल्या, मग विचारलं, "ताई, तुमचे मिस्टर काय करतात?" मी म्हणाले, "गेले." त्यांनी मागणी रद्द केली आणि ज्या कागदावर उखाणा उतरवून घेतला होता तो विहिरीत टाकल्याचं संध्याकाळी कळवलं. त्या रात्री मी साइटवरून नाव काढलं. लाज वाटली म्हणून नाही. गावाला माझ्या ओळी हव्या होत्या आणि माझं कपाळ नको होतं, तर त्यांना फक्त ओळी विकायच्या असं मी ठरवलं. तेव्हापासून तालुक्यातल्या बहुतेक सुना दोन विधवांनी स्वयंपाकघरात तपासलेले उखाणे घेतात, आणि त्यांचे संसार व्यवस्थित चालू आहेत.

गुरुवारी दुपारी मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी माझा ब्लाउज पाहिला. तो दोन्ही बाजूंनी उतरला होता.

"खांदे कुठं ठेवून आलीस?"

"शालीला गेले."

"सत्कारात असंच असतं," त्या म्हणाल्या आणि दोन सेफ्टी पिना आणून दिल्या.

चार वाजता समितीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की ताईंची बोटं काय कलावंताची आहेत. चार वाजून दोन मिनिटांनी माझी बोटं कीबोर्डवरची बटणं दाबेनाशी झाली. बोटं जागच्या जागी होती, पण बटणांना ती कळत नव्हती. तीन मागण्या बाकी होत्या. मी सांगत गेले आणि सासूबाईंनी उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं. तिन्ही वेळेत गेल्या.

शुक्रवारी सकाळच्या पेपरात सत्काराची बातमी आली. पंधरा वर्षं ज्या पानावर मी काम केलं त्याच पानावर, डावीकडे खाली. बातमीत शालीचा उल्लेख 'सौ.' लावून केला होता. मी वर पाहिलं. भिंतीवर फ्रेम होती, चंदनाचा हार होता, मधला चौकोन पांढरा होता. माझे यजमान तिथे नव्हते.

सासूबाईंनी पदरानं फ्रेमची काच पुसून पाहिली. मग म्हणाल्या, "लेकाला माझ्या विचारलं तरी का कुणी?"

फोटोवर नाव लिहिलेलं नव्हतं. आम्हाला कधी गरज पडली नव्हती. ते वीज मंडळात होते आणि गल्ली त्यांना वायरमनच म्हणायची. खांबावरून पडले त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत त्यांचं नाव घे, असं मला कोणी म्हणालं नाही, आणि गावात न विचारलेली गोष्ट लवकर पुसते. शेजारी विचारून पाहिलं. शेजाऱ्यांना त्यांची सायकल आठवली, खाकी पिशवी आठवली. नाव आठवलं नाही. ते आता दोघींनाच माहीत होतं.

दुपारी बारा वाजता कांचनताई घरी आल्या. बरोबर शाल होती. शाल चालत आली, उंबऱ्यात चपला काढून माझ्या खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर बसली. तिला चेहरा नव्हता. गळ्यात मंगळसूत्र होतं. कपाळ होतं. कुंकवाला तेवढं पुरतं.

सासूबाईंनी तिला खालवर पाहिलं. "हिला चहा देऊ का भिजत घालू?"

"आजी, अहो काय बोलता," कांचनताई म्हणाल्या. "गावचं भूषण आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "एक लहानसं काम होतं. उद्या पाच वाजता माझ्याकडे चैत्रातलं हळदी-कुंकू आहे. ताई येणार म्हटल्यावर दीडशे बायका येताहेत. आता नाव घ्या म्हणणारच ना सगळ्या? तर ताईंच्या मिस्टरांचं नाव तेवढं हवं होतं."

"मला का विचारता?"

"तुमच्याच भिंतीवर होते ना ते."

त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं होतं. शालीनं कीबोर्डवर हात ठेवला. बटणं दाबली गेली. स्क्रीनवर अकरा नव्या मागण्या आल्या होत्या. तिनं पहिली उघडली आणि तशीच बसून राहिली. तिला ओळ सुचत नव्हती.

"आणखी एक," कांचनताई म्हणाल्या. "तुम्ही पेपरात होता, तुम्हाला लिहिता येतं. ताईंना मदतनीस हवीच आहे. तुम्ही लिहा, ताई म्हणतील. मानधन देऊ. आणि काळजी करू नका, तुमचं नाव कुठंही येणार नाही."

"नाव येऊ द्यायचं नाही हे माझं मी ठरवलं होतं," मी म्हणाले. "ते तुम्ही ठरवायचं नाही."

"फरक काय पडतो?"

"तुम्हाला नाही पडत."

कांचनताईंनी मान हलवली. राग नव्हता. "उद्या पाचला ताई नाव घेणारच," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नाही तर बायका सुचवतील. कुठलं तरी एक लागतंच. एकदा सगळ्यांसमोर घेतलं की तेच खरं."

दोघी गेल्या. शालीनं जाताना चपला घातल्या. त्या माझ्या होत्या.

मी हिशेब साधा मांडला. शालीबद्दल जे मानलं जातं ते शालीला मिळतं आणि माझ्याकडून जातं. खांदे, बोटं, फोटो, चपला गेल्या होत्या. उद्या तिनं भरल्या घरात कुठल्याही सुरेशरावांचं नाव घेतलं, तर आवाजही जाईल, आणि फोटोतला माणूस सुरेशराव होईल. त्यानंतर सासूबाई कोणाची आई असतील हे मला सांगता आलं नाही.

"एक मागणी घ्यायची आहे," मी त्यांना म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

त्यांनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली. "प्रसंग?"

"चैत्राचं हळदी-कुंकू. बोलावणं नाही."

"नवऱ्याचा धंदा?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मागणीत लिहायला लागतं," त्या म्हणाल्या. "सांग नीट."

दोन तास लागले. त्यांनी चार ओळी नापास केल्या. एक रडकी होती, एक जड होती, एकीत त्यांना दम लागला, एक त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याची वाटली. पाचवी त्यांनी मोठ्यानं म्हटली, मग पुन्हा म्हटली. मेथी निवडून संपली होती.

"चालंल," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं म्हण मात्र. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

शनिवारी पाच वाजून वीस मिनिटांनी आम्ही दोघी कांचनताईंच्या घरी पोचलो. मी अनवाणी होते. दिवाणखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना एरवी अठरा पायऱ्यांचा आहे. त्या दिवशी पायऱ्या वाढत होत्या. आम्ही चढत होतो तसा वरचा दरवाजा एकेक पायरी मागे जात होता. वरून पन्ह्याचा वास येत होता, बांगड्या वाजत होत्या. एकेचाळिसाव्या पायरीवर सासूबाई बसल्या.

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "मी इथं आहे. माझ्यामुळं जिना तरी थांबंल."

जिना थांबला.

पाच सत्तेचाळीसला मी दारात होते. बिनबोलावलेल्या बाईसाठी उंबरा गुडघ्याएवढा उंच झाला होता. आत दीडशे बायका भिंतीला लागून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात कैरीच्या डाळीची वाटी होती. मधोमध चौरंगावर शाल होती. तिच्या मांडीवर माझ्या यजमानांचा फोटो होता.

"नाव घ्या, नाव घ्या!" बायका म्हणत होत्या.

"लाजतायत बघा!"

"एवढ्या जणींना विकले, स्वतःचा एक नाही होय?"

"रमेशराव असतील!" कोणीतरी ओरडलं. "सुरेशराव!" दुसरी ओरडली. दोन-तीन जणींनी सुरेशराव उचलून धरलं. फोटोतला चेहरा किंचित गोल झाला.

कांचनताई करंडा घेऊन चौरंगापाशी आल्या. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं. शालीच्या कपाळाखाली ओठ यायला लागले. माझे बधिर झाले, दातांच्या दवाखान्यात होतात तसे. दोन ओळींपुरता वेळ होता.

"मी घेते," मी दारातून म्हणाले.

दीडशे वाट्यांमधले चमचे थांबले.

"तुम्ही?" कांचनताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, माझ्या कपाळाकडे पाहत होत्या. "तुम्ही कशाला? आणि तुमचं नाव काय म्हणालात?"

"मी नाव सांगायला आले नाही. घ्यायला आले."

मग मी मोठ्यानं म्हटलं:

'खांबावर चढून लावत होते गल्लीगल्लीत दिवे,'

शालीचे ओठ माझ्याबरोबर हलले. पहिली ओळ दोन्हीकडून ऐकू आली, माझ्याच आवाजात. बायकांनी दोन्हीकडे पाहिलं.

'दामोदररावांचं नाव घ्यायला कुंकू कशाला हवे?'

ही ओळ एकाच बाजूनं ऐकू आली. शालीचे ओठ उघडे राहिले होते. खाली एकेचाळिसाव्या पायरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "आलं ऐकू!"

मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या हातून चमचा पडला. ती नवी सून होती. मी तिला ओळखलं, फेब्रुवारीत तिच्या गृहप्रवेशाचा उखाणा माझ्याकडून गेला होता. ती माझ्याकडे पाहत होती आणि ओठांतल्या ओठांत स्वतःचा उखाणा माझ्या ओळींशी जुळवून बघत होती. मग ती उठून उभी राहिली. तिच्या शेजारची उठली. तिसरी उठायची की नाही ते ठरवत होती.

कांचनताई वळल्या. त्यांचा उजवा हात उचललेला होता, बोटाच्या टोकावर कुंकू होतं. शाल एका बाजूला होती, मी दुसऱ्या, दारात. बोट शालीकडे गेलं, थांबलं, माझ्याकडे आलं, थांबलं.

सहा वाजून सात मिनिटांपर्यंत ते कोणाच्याही कपाळाला लागलेलं नव्हतं.