एका माशीखाऊ रोपाचा सूड

मी एक जुना शिकारी आहे. माझ्या जबड्यांना काटेरी दात आहेत आणि माझ्या नावाने माश्यांचा थरकाप उडतो. आजवर मी दोन चिलटं आणि वाट चुकलेली एक मुंगी मारली आहे.

मित्रांनो, माझा जन्म रोपवाटिकेतला. माझं एकेक पान जेमतेम चार-पाच वेळा मिटतं, मग कायमचं निकामी होतं. ही सूचना माझ्या कुंडीवर चिकटवलेली होती. मालकांनी ती किमतीची चिठ्ठी समजून नखाने खरवडून काढली. मालक विमा कंपनीत आहेत. लोकांना जिवाचं मोल पटवून देणं हा त्यांचा पेशा.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणा आला की मला खिडकीतून उचलून चहाच्या कपांमध्ये ठेवत. "बघा हं, कसा गपकन धरतो!" म्हणत मालक पेन्सिल खुपसत. मी मिटायचो, पाहुणे टाळ्या वाजवायचे. पोटात मात्र काहीच जायचं नाही. पेन्सिल पचत नाही, मित्रांनो. एकेक पान कामातून जाऊ लागलं. माझा जीव चालला होता आणि त्यांची करमणूक.

मी डूख धरला. ज्या दिवशी मालकांची अब्रू पणाला लागेल, त्या दिवशी मिटायचं नाही!

तो दिवस साडूंच्या रूपाने उगवला. साडूंच्या गच्चीत हुबेहूब गारगोटीसारखं दिसणारं रोप होतं. मालकीणबाईंनी त्याची तारीफ केल्यापासून मालकांना जेवण गोड लागत नव्हतं. त्यांनी फटका मारून अर्धमेली केलेली माशी चिमट्याने माझ्या पानात ठेवली.

"आता बघाच, साडूभाऊ!"

मी ढिम्म. माशी शुद्धीवर आली, तिने निवांत पाय चोळले आणि उडून साडूंच्या टकलावर बसली.

"प्लास्टिकचं नाही ना हो?" साडूंनी विचारलं.

"काल तर मिटत होतं!"

"आमचं बरं. दगडासारखं दिसतं, दगडासारखं राहतं. तोंडघशी पाडत नाही."

"अहो, द्या सोडून," मालकीणबाई म्हणाल्या. "भूक नसेल त्याला. समोर आलं की खाल्लंच पाहिजे, असं तुमच्यासारखं थोडंच असतं सगळ्यांचं?"

मालकांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या मुळांना गारवा मिळाला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जगावेगळी रोपं हौसेने लावा, पण त्यांना डिवचू नका. आम्ही विसरत नाही. आम्ही वेळ साधून वार करतो.

तसं माझं शेवटचं धड पान आदल्याच दिवशी, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला दाखवताना निकामी झालं होतं. मिटायचं म्हटलं असतं, तरी मिटलं नसतं.