घरच्यांच्या पसंतीचं चरित्र

आमच्या चरित्रं लिहिण्याच्या धंद्यात नवं पुस्तक मागून उघडतात. आधी नामसूची, मग आभाराचं पान, आणि वेळ उरलाच तर पुस्तक. हॅरिएट लॉक्सलीचं प्रत्येक पुस्तक मी ऑक्सफर्डच्या दुकानात उभ्याउभ्या असंच चाळलंय. विकत घेऊन तिची धन कशाला करू? नामसूचीत मी कधीच नसते. आभारात असते, पण कशी, तर टंकलेखिका आणि तिची मांजर यांच्या मधोमध: 'आणि एनिड क्रॅबट्री'.

आम्ही दोघी एकाच कॉलेजच्या, एकाच गुरूच्या हाताखालच्या. परीक्षेत मला पहिला वर्ग, तिला दुसरा. पुढे मीही चरित्रं लिहिली, तिनंही लिहिली. माझी छापली जातात, तिची वाचली जातात. तिला बक्षिसं, रेडिओवर भाषणं, राणीच्या हातून पदक. माझ्या पुस्तकांना समीक्षक दरवेळी 'भक्कम' म्हणतात. भक्कम कपाट असतं हो, पुस्तकाला कुणी भक्कम म्हणतं का?

"पोटात दुखतंय तुझ्या," माझा नवरा नॉर्मन म्हणतो. हा जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आला, त्याला कुणाचा हेवा वाटायचं कारणच पडलं नाही.

"दुखतंय," मी म्हणते. "मग?"

गेल्या वर्षी सर ॲम्ब्रोज वेनिंग वारले. चार पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळांत बसलेला माणूस, आणि आयुष्यात एक चिठोरंही फेकून न दिलेला. सगळे कागद त्यांच्या विल्टशरच्या घरी, माळ्यावर कुलपात. त्यांचं चरित्र कुणी लिहायचं ते त्यांची बायको लेडी वेनिंग ठरवणार आणि बाकीच्यांना त्या माळ्याची पायरीही दिसणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते पुस्तक हवं होतं. इतकं हवं होतं की देवळाचं तोंड न बघणारी मी त्या रविवारी चर्चमध्ये जाऊन बसले. माझं वय आता एकसष्ट, यानंतर एवढा मोठा माणूस माझ्यासाठी कोण मरणार होता?

लेडी वेनिंगनी आम्हा दोघींना चहाला बोलावलं, वेगवेगळ्या दिवशी. हॅरिएट आधीच जाऊन आली होती.

"बरे कपडे घाल," नॉर्मन म्हणाला. "आणि हॅरिएटचं नाव काढू नकोस."

"मी कशाला काढू?"

"झोपेतसुद्धा काढतेस."

लेडी वेनिंग ऐंशीच्या पुढच्या, काठीसारख्या ताठ. केक शिळा होता, आणि शेकोटीपुढची सगळी ऊब दोन म्हाताऱ्या स्पॅनियल कुत्र्यांनी अडवली होती. मी अंगातला कोट काढला नाही. अदबीनं साहेबांचं बालपण विचारलं, शाळा विचारली, बाग कुणी लावली ते विचारलं. बाई प्रसन्नपणे सांगत होत्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि माळ्याची किल्ली माझ्या पुढ्यात सरकवली.

"पुस्तक तुम्हीच लिहायचं, मिसेस क्रॅबट्री."

हॅरिएटला डावलून मला! मनातल्या मनात मी नाचले, खोटं कशाला सांगू. पण तोंडाला कुलूप लागेल तर ती एनिड कसली.

"मिस लॉक्सलीसुद्धा चांगलं लिहितात," मी म्हटलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ना, ती कुठे कमी पडली ते.

"फारच चांगलं लिहितात. तीच तर अडचण आहे." बाईंनी कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. "बसल्याबसल्या पहिला प्रश्न काय विचारला, तर सुएझच्या युद्धाच्या वर्षी अख्खं मंत्रिमंडळ लंडनमध्ये जागत बसलं होतं, तेव्हा साहेब लिस्बनला कुणाकडे होते? मी घंटा वाजवून मिस लॉक्सलींचा कोट मागवला आणि त्यांना वाटेला लावलं."

साहेब लिस्बनला गेले होते हे मलाही ठाऊक होतं. त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत मी स्वतः वाचलं होतं. त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"माझ्या मैत्रिणीच्या वडिलांवर मिस लॉक्सलींनी लिहिलं," बाई पुढे म्हणाल्या. "बिचारी अजून लोकांत मिसळत नाही. आणि तुम्ही माझ्या दिरांवर लिहिलंत, तेव्हा आम्ही नाताळात घरोघरी प्रती वाटल्या. इतकं छान पुस्तक. कुणाला काही त्रास नाही. अजून थोडा केक घ्या ना."

मी केक घेतला. कानफटात बसल्यावर माणूस काय करतो? मीही खाली मान घालून खात राहिले. वाटलं, किल्ली परत सरकवावी, ताठ मानेनं उठावं आणि निघून जावं. हॅरिएट असती तर गेली असती. मी किल्ली पर्समध्ये टाकली, बाईंचे आभार मानले आणि चारच्या बसनं घरी आले.

नॉर्मननं तोंड बघून विचारलं, "नाही मिळालं?"

"मिळालं."

"मग कुणी मेल्यासारखी का बसलीस?"

एवढ्यात फोन वाजला. हॅरिएटच. आमच्या जगात बातमी बसच्या आधी पोचते.

"एनिड, अगं, अभिनंदन! खरं सांगू? माझा नुसता जळफळाट होतोय. दुपारपासून हातात काही धरवत नाहीये."

चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला टपले होते. आता ऐकलं, आणि गोड लागेना.

"मी मूर्खासारखं पहिल्याच झटक्यात लिस्बन काढलं," ती म्हणाली. "तू कशी गं गप्प राहिलीस?"

"आधी किल्ली हातात येऊ द्यावी," मी म्हटलं. "लिस्बन कुठे पळून जातंय?"

पलीकडे ती खळखळून हसली. "बघ! म्हणून तुला पहिला वर्ग मिळाला आणि मला दुसरा. मी सगळ्यांना सांगते, एनिडच्या नजरेतून काही सुटत नाही."

टोमणा असता तर मी परतवला असता. पण हॅरिएटला टोमणे मारता येत नाहीत. ती ते मनापासून म्हणत होती, आणि मी रिसीव्हर घट्ट धरून "थँक यू" म्हणाले.