उरलेलं औषध

आमच्या ऑपरेशन थिएटरात एक नियम होता. भूल देताना वेदना मारायला जे जालीम औषध वापरतात, अफूच्या जातीचं, त्याची कुपी फोडली आणि पेशंटला त्यातलं थोडंच लागलं, तर उरलेलं दोघांच्या देखत बेसिनमध्ये ओतून टाकायचं. एकाने ओतायचं, दुसऱ्याने पाहायचं, आणि वहीत दोघांनी सही करायची. ओतणाऱ्याची सही डावीकडे, पाहणाऱ्याची उजवीकडे. उजवीकडची सही माझी. मी सतरा वर्षं तिथली मोठी सिस्टर होते.

आता हा नियम ज्याने केला त्याने आमचं थिएटर कधी पाहिलं नसणार. एक पेशंट टेबलावरून उतरायच्या आत दुसरा ट्रॉलीवर हजर. माणसं कमी, सर्जन घाईत, आणि मला दर अर्ध्या तासाने बेसिनपाशी उभं राहून पाणी वाहताना पाहायला वेळ कुठला? म्हणून मी सोमवारी सकाळीच वही उघडून उजवीकडचा अख्खा रकाना सह्यांनी भरून टाकायचे. आठवड्याभराचं पाहणं दोन मिनिटांत उरकायचं. पोटात वापरलेले गॉजचे तुकडे मी तीनतीनदा मोजायचे, एक कमी भरला तर मोठ्यातल्या मोठ्या सर्जनलाही टाके घालू द्यायचे नाही, अख्खं थिएटर मला टरकून असायचं. या वहीपाशी मात्र माझा सगळा कडकपणा गळून पडायचा. कारण डावीकडची सही बारक्याची असायची, आणि बारक्या माझा धाकटा भाऊ.

बारक्या नुसता नावाचा. दारातून येताना मान वाकवायला लागायची इतका उंच. भुलीच्या मशीनवरचा टेक्निशियन होता, चौतीस वर्षांचा. त्याला ही नोकरी मीच लावली. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणायच्या, "सिस्टर, तुमच्या भावाचा हात हलका आहे, पेशंटला सुई कळत नाही." मी घरी येऊन आईला ते दहादा सांगायचे.

वर्षभर तो वाळत चालला होता. सारखं नाक खाजवायचा. मी त्याला ॲलर्जीच्या गोळ्या आणून दिल्या. पोट साफ होत नाही म्हणाला, तर रेचक दिलं. भर उन्हाळ्यात आत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, त्यावर मी म्हणाले, "काय रे, लग्नाला निघालायस का?" आणि तोही हसला, मीही हसले. त्यातलं एकूण एक लक्षण मी परीक्षेत लिहून आले होते. रस्त्यावरच्या कुठल्याही व्यसनी पोराला मी तीस पावलांवरून ओळखलं असतं. भावाला गोळ्या दिल्या.

मग एका दुपारी मी सामानाच्या खोलीत गेले. तिथला दिवा गेला होता, बारक्या अंधारात खोक्यावर बसला होता. मी दार उघडलं तसं त्याने वर पाहिलं. अंधारात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. त्याच्या मोहरीएवढ्या होत्या, दोन काळे ठिपके नुसते.  मी त्याची बाही वर सरकवली. त्याने हात काढून घेतला नाही.

"कधीपासून?"

"पाठ धरली होती बघ मागच्या वर्षी, पेशंट उचलून उचलून. तेव्हापासून." मग म्हणाला, "ताई, फेकूनच द्यायचं असतं गं ते."

मी त्याच्या कानफटात मारली. मोठी भावंडं मारतात तशी. मग त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले.

तेव्हाच मॅडमकडे जायला हवं होतं. त्या वाईट नव्हत्या. अशा माणसाला हळूहळू सोडवायची औषधं असतात, वॉर्ड असतो, पुढे महिनोन् महिने बोलायला माणसं असतात. पण मॅडमकडे जायचं तर वही उघडायला लागली असती, आणि वहीत एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला मी. मी ऑफिसात सांगितलं, भावाला कावीळ झालीय. स्वतःची रजा टाकली आणि त्याला घरी घेऊन आले. मोठी सिस्टर आहे ना मी! मला काय येत नाही?

पहिल्या दिवशी त्याला नुसत्या जांभया येत होत्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाक, डोळे गळायला लागले, अंगावर काटा आला तो जाईचना. दुसऱ्या दिवसापासून उलट्या आणि जुलाब. मी मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायचे, ते तसंच बाहेर यायचं. पाय स्वस्थ राहीनात, पलंगाच्या फळीवर टाचा आपटून आपटून सोलून निघाल्या. "हाडांच्या आत खाजतंय," म्हणायचा, "ताई, आतून खाजव." तिसऱ्या दिवशी त्याने मला असं काही बोलून घेतलं की ते मी कागदावर उतरवणार नाही. त्यानंतर तासाभराने माझा पदर धरून रडला.

आईला मी खरं सांगितलं होतं. ती उंबऱ्यात बसून असायची, आत यायची नाही.

त्याच दिवसांत तो तुटक तुटक बोलला. पहिल्यांदा घेतलं तेव्हा पाठ थांबली एवढंच नाही, म्हणाला, सगळंच दुखायचं थांबलं. बायको सोडून गेली तेही. कुणीतरी मोठ्या माणसाने डोक्यावरून हात फिरवून 'झोप आता' म्हणावं तसं. ते सुख दोन-तीन महिने टिकलं. पुढे तेवढ्याने काही होईना, म्हणून जास्त. मग जास्तीनेही काही होईना. शेवटी शेवटी नुसतं इतरांसारखं उभं राहता यावं, हात थरथरू नयेत, एवढ्यासाठी घ्यावं लागत होतं. "मजा कसली त्यात? ते घेतलं की मी तुमच्याइतका होत होतो, बस."

पाचव्या दिवशी चहा पोटात टिकला. त्याने दोन टोस्ट खाल्ले. तेव्हा आई पहिल्यांदा आत आली, त्याच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "झालं ते झालं. आता या घरात त्या औषधाचं नाव निघता कामा नये. कुणीही काढायचं नाही." आणि माझ्याकडे पाहून, "तू तर नाहीच."

बारक्याचा चेहरा एकदम सैल पडला. मलाही हायसं वाटलं. इतकं सोपं असेल तर कुणाला नको असतं?

आम्ही तो शब्द कटाक्षाने पाळला. पाच आठवडे घरात आम्ही पाण्याच्या मोटारीबद्दल बोललो, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोललो. बारक्याचे गाल भरले. त्याने गळका नळ बदलला, आईच्या खोलीला रंग दिला. फक्त एकदा भिंत घासता घासता म्हणाला, "ताई, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं गं. खाणं, गाणं, माणसं. कशालाच चव नाही."

"लागेल हळूहळू," मी म्हटलं. आई बाहेर खाकरली. मी विषय बदलला.

कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याचे कपडे इस्त्री करत होते. तो खिडकीपाशी नखं कापत बसला होता. आणि माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. थिएटरात येण्याआधी मी अपघात विभागात होते. तिथल्या व्हरांड्यात हे वाक्य मी कितीतरी आयांना, बापांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते असं: सोडलंय ही चांगली गोष्ट आहे, पण त्याला एक सांगून ठेवा. आता शरीराची सवय मोडलीय. पूर्वी पचत होतं तेवढं आता घेतलं, तर श्वास थांबेल. मन पळभर घसरलं तरी चालेल, त्यातून माणूस परत येतो. पण हात जुन्या मापाने घेतो, आणि त्यातून नाही येत.

घरच्यांना वाटतं, सुटला, आता शरीर ठणठणीत झालं, आता भीती नाही. खरं उलटं असतं. सगळ्यात जास्त भीती तेव्हाच असते.

"बारक्या."

"काय?"

आई दारात उभी होती. तिच्या हातात त्याचे धुतलेले मोजे होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

"डबा नेणारेस का उद्या?"

"नेईन की."

तेवढंच. मी कॉलरला इस्त्री केली. मनाशी म्हटलं, आत्ता सांगायचं म्हणजे 'तू परत घेशील' असं त्याच्या तोंडावर म्हणण्यासारखं आहे. पाच आठवडे पोराने दात-ओठ खाऊन काढले, त्याचं हेच बक्षीस? सांगितलं तर उलट डोक्यात येईल. शिवाय आईला शब्द दिलाय. अशी कारणं मला भराभर सुचली, आणि एकाहून एक चांगली होती. खरं कारण मला आता माहीत आहे. त्याला बरं मी केलं होतं, घरी, एकटीने, कुणालाही न सांगता. तो बरा झालेला मला हवा होता.

थिएटरात तो माझ्या डोळ्यांसमोर राहील, असं मी ठरवलं होतं. नऊ दिवस मी सावलीसारखी त्याच्या मागे होते. प्रत्येक कुपीला स्वतः बेसिनपाशी उभी राहिले, पाहिलं आणि मगच सही केली. बाकीच्यांना वाटलं, सिस्टरना वरून झापलं असेल. बारक्याला काय वाटत होतं ते त्याने बोलून दाखवलं नाही. बोलायचंच नव्हतं ना आम्ही.

दहाव्या दिवशी सकाळी एका बाईचं पोट उघडलं आणि रक्त थांबेना. मी हात धुऊन, गाऊन चढवून टेबलापाशी उभी होते. तिथून हलायचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या थिएटरचा टेक्निशियन आला नव्हता, म्हणून बारक्याला तिकडे पाठवलं. मी त्याला काचेतून जाताना पाहिलं. त्याने मला हात केला.

पन्नास मिनिटांनी आमचा वॉर्डबॉय दारातून ओरडला. कपडे बदलायच्या खोलीतला संडास आतून बंद होता आणि खालून एक बूट दिसत होता. तोवर त्या बाईचं रक्त थांबलं होतं; टेबल दुसऱ्या सिस्टरवर सोपवून मी धावले. दार त्याने लाथ मारून उघडलं. बारक्या भिंतीला टेकून बसला होता, ओठ जांभळे पडलेले. श्वास नव्हता. मानेपाशी बोटं ठेवली तर अगदी मंद ठोका लागत होता. सिरिंज मांडीवर पडली होती आणि दट्ट्या तळाला गेला होता. ती सिरिंज कुठल्या मापाची हे मला बघताच कळलं. पूर्वी तो रोज घ्यायचा तेवढंच घेतलं होतं त्याने. त्याहून थेंबभरही जास्त नाही. मरायचं नव्हतं त्याला. त्याला दुपारच्या दोन ऑपरेशनांना माणसांसारखं उभं राहायचं होतं.

उतारा दिला, श्वास दिला, मॅडम स्वतः गुडघ्यांवर बसल्या होत्या. छाती हलायला लागली. बाहुल्या मोठ्या झाल्या आणि मोठ्याच राहिल्या. शरीर परत आलं. डोक्याला किती वेळ हवा मिळाली नव्हती ते कुणालाच सांगता येईना, पण मेंदू विझायला पुरेल इतका वेळ मिळाली नव्हती.

चौकशीत मी वही पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. सोमवारच्या सह्या, कावीळ, सगळं. नोकरी गेली ते योग्यच झालं. एकच गोष्ट सांगितली नाही, कारण ती कुणी विचारलीच नाही.

आता बारक्या आईच्या खोलीत असतो. डोळे उघडतो, मिटतो, जागचा हलत नाही. नाकातून नळी घातलीय, दर तीन तासांनी सूप आणि दूध. आईला मी शिकवलं, डोकं उंच ठेवायचं, आधी नळी जागेवर आहे का पाहायचं, मग सावकाश ओतायचं. ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने करते.

परवा मॅडम त्याला बघायला येऊन गेल्या. त्या गेल्यावर आईने भांडं उचललं, नळी लावली. मी त्याचं डोकं धरून होते.

"मॅडम म्हणत होत्या," आई म्हणाली, "त्याने सोडलं होतं म्हणूनच असं झालं. सवय मोडली होती म्हणून झेपलं नाही. खरं का?"

"खरंय."

"त्याला माहीत नव्हतं?"

"यंत्रावरचा माणूस तो. एवढं नसेल माहीत."

सूप नळीतून हळूहळू खाली उतरत होतं. आई त्याकडे पाहत होती.

"तुला?"

मी वर्षानुवर्षं न पाहता सह्या केल्या, ऑफिसला खोटं सांगितलं, स्वतःलाही पुष्कळ सांगितलं. या वेळी नाही जमलं.

"होतं."

ती नळीतलं सूप पूर्ण उतरेपर्यंत थांबली. मग पाणी ओतलं, नळीचं टोक बंद केलं, त्याच्या ओठांचा कोपरा पुसला.

"तू त्याचं नाव काढायचं नाहीस, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "मग मला तरी सांगायचंस. मी सांगितलं असतं त्याला."

आणि तिने सांगितलं असतं. स्वतःचा शब्द मोडून, मोजे हातात घेऊन, त्याच संध्याकाळी. मी बारक्याचं डोकं उशीवर ठेवलं आणि भांडं धुवायला घेऊन गेले.